एक पान, चार चौकटी

घराची चौकट बसवताना तिला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. संगणकाच्या पडद्यावर पान उभारायलाही चौकटी लागतात, हे मात्र निवृत्तीपर्यंत आमच्या कानावर नव्हते. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. त्या डझनावारी आहेत, आणि प्रत्येकीचे भक्त दुसरीला नावे ठेवतात. नवशिक्याने यांतली कोणती धरावी? मंडळी, वरसंशोधन परवडले!

आमच्यावर हा प्रसंग पुतणीमुळे आला. गोंदियाजवळ कामठ्याला (ऐकणारे हमखास ‘कामठी’ ऐकतात!) आमचे धाकटे बंधू धानाची शेती करतात. त्यांची कन्या बी. एस्सी. झाली आणि वेब पाने बांधायला शिकणार म्हणाली. बंधूंनी वर्षभराची मुदत दिली : पुढचे धान घरात येईपर्यंत नोकरी लागली तर उत्तम, नाही तर एक स्थळ सांगून आलेच आहे. “मोठेबाबा, तुम्हीपण शिका ना माझ्यासोबत,” असे तिने म्हणताच आम्ही नागपूरहून बाडबिस्तरा घेऊन दाखल झालो.

पोरीने एक शहाणपण केले. कोणती चौकट बरी यावर नुसती चर्चा वाचत बसण्याऐवजी तिने एकच पान प्रत्येकीत बांधायचे ठरवले. पान तिच्या आईच्या बचत गटाचे : दहा बायकांची नावे, नावापुढे ‘हप्ता भरला’ अशी खूण, खाली एकूण रक्कम. खूण केली की बेरीज आपोआप बदलली पाहिजे. हे क्षुल्लक वाटेल, पण चौकटींचे मुख्य काम हेच. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत रचलेल्या जावास्क्रिप्टमध्ये हे नुसते करायचे, तर खूण कर, जुनी बेरीज पूस, नवी लिही, बाकीदारांची यादी बदल, असे एकेक काम सांगावे लागते. एक सांगायचे राहिले, की पान एक बोलते आणि हिशेब दुसरेच. चौकट म्हणते, तुम्ही हिशेब बदला, पानाचे मी बघते.

पहिली रिअ‍ॅक्ट. फेसबुकने ती २०१३ मध्ये सर्वांना खुली केली. पानाची रचनासुद्धा हिच्यात जावास्क्रिप्टच्या पोटातच लिहायची. पुतणीने यादीतल्या यादीत खूण बदलली, पडदा ढिम्म! दोन रात्री गेल्यावर उलगडा झाला. बाईसाहेबांना जुन्या वहीतली खाडाखोड दिसत नाही. बदल करून नवी वही हाती द्यावी लागते. एका पानावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय हवी, तर तीही बाहेरून जमवायची.

व्ह्यू ही पूर्वी गूगलमध्ये असलेल्या इव्हान यू यांची, २०१४ ची. रचना, हिशेब आणि रंगरूप एकाच फायलीत शेजारीशेजारी नांदतात, आणि जुन्याच वहीतली खाडाखोड हिला चालते. दिवेलागणीला सुरू केलेले पान जेवणाची पाने मांडायच्या आत उभे राहिले. आमचे मन तिथेच बसले. खोटे कशाला बोला?

अँग्युलर म्हणजे लग्नाचा ठेका. मांडवापासून विड्यापर्यंत सगळे एकाच घरचे, शिस्तही कडक. मोठ्या कचेरीला ठीक, पण दहा बायकांच्या गटाला एवढा मांडव कशाला? शिवाय हिचा इतिहास ऐकून आम्ही दचकलो. २०१० ची अँग्युलरजेएस बाजूला ठेवून गूगलने २०१६ मध्ये मुळापासून नवी रचली, आणि जुनीची देखभाल २०२१ अखेर थांबवली. जुनी घोकणाऱ्यांचा पुन्हा श्रीगणेशा! पुतणीने पहिला महिना साध्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टला दिला होता; चारही चौकटींत तेवढे मात्र जसेच्या तसे उपयोगी पडले.

शेवटची स्वेल्ट, ‘गार्डियन’ वृत्तपत्रातल्या रिच हॅरिस यांनी २०१६ मध्ये काढलेली. बाकीच्या आपली चूल पाहुण्याच्या घरी नेऊन तिथे रांधतात. ही घरूनच रांधून डबा धाडते. त्यामुळे छोट्या पानाचे ओझे फारच हलके. आमच्या भावजयीच्या जुन्या मोबाइलवर चौघींपैकी हिचेच पान आधी उघडले.

मग निवड? पुतणीने पाहिलेल्या जाहिरातींत जिकडेतिकडे रिअ‍ॅक्ट. आम्ही व्ह्यूची बाजू हिरीरीने मांडली. ती म्हणाली, “मोठेबाबा, मलाही तेच आवडते. पण मुलाखतीत आवड कोण विचारते?” तिने नोकरीसाठी रिअ‍ॅक्ट धरली आणि गटाचे पान स्वेल्टमध्ये ठेवले. ज्याच्या हातात फोन त्याच्यासाठी एक, ज्याच्या हातात पगार त्याच्यासाठी दुसरी! आम्हांला ही वाटणी पटली, व्ह्यू गेल्याची हळहळ असूनही.

धान कापणीला आले आहे. मुलाखत दिवाळीनंतर, नेमकी गावोगावच्या मंडईच्या दिवसांत. बंधू स्थळाचे नाव काढीत नाहीत, पण मुदतही वाढवीत नाहीत. भावजय पानावर खूण करते, बेरीज बदललेली पाहून मान हलवते, आणि मग तीच रक्कम वहीतही लिहून ठेवते.