काळ्या डुंगरावरून दिसणारा समुद्र

कच्छमधल्या खावड्याहून वर चढत गेले की काळा डुंगर लागतो. माथ्यावर दत्तगुरूंचे देऊळ आहे आणि तिथला प्रसाद कोल्ह्यांना वाढायची प्रथा आहे. आम्ही गेलो त्या दुपारी कोल्हे काही फिरकले नाहीत. मुलगा हिरमुसला आणि खालचे पांढरेशुभ्र रण पाहत बसला.

"इथे खरंच समुद्र होता?"

होता. सुमारे 17 कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात. इथल्या दगडांत शिंपले सापडतात, मी म्हटले.

"मग किनारा किती लांब होता?"

आता आली पंचाईत! शिंपला समुद्र सांगतो; पण किनाऱ्यावर कोणती झाडे होती, हवा कशी होती, हे त्याला कुठून ठाऊक? ते सांगतात डोळ्यांना न दिसणारे परागकण. पराग म्हटले की आपल्याला फूल आठवते, पण तेव्हा फुलझाडांचे राज्य आलेच नव्हते. हे पराग सूचिपर्णी झाडांचे. आपण कुंडीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून लावतो त्या अरोकॅरियाच्या कुळातल्या झाडांचे परागही कच्छच्या खडकांत मिळाले आहेत.

परागाचे कवच मोठे चिवट. प्रयोगशाळेत दगडाचा चुरा जहाल आम्लांत विरघळवतात. दगड जातो, पराग उरतो! लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत हेच काम चालते. परागांबरोबर डायनोफ्लॅजेलेट नावाच्या समुद्री प्लवकांचे काटेरी कोशही सापडतात. मग मोजदाद होते. झाडांचे पराग आणि लाकडाचा भुगा जास्त, तर किनारा जवळ. प्लवक वाढले, तर समुद्र आत सरकलेला. नेच्यांचे बीजाणू पुष्कळ असले तर दमट जमीन, क्लासोपोलिस नावाचे पराग पुष्कळ असले तर बहुधा उष्ण, कोरडी हवा. खडक तापला तसा पराग पिवळ्याचा तपकिरी, मग काळा होतो. तेल शोधणारे हा रंगही पाहतात.

मात्र ज्यांचे आपण हौसेने फोटो काढतो ते पिवळे-तांबूस दगड याबाबतीत मुके. हवापाण्याने त्यांतले पराग केव्हाच नष्ट झालेले असतात. बोलतो तो खोलवरचा, काळपट, कुणी ढुंकूनही न पाहणारा थर.

मुलाने खिशात टाकलेला पिवळा दगड मी परत ठेवायला लावला. खावडा येईपर्यंत तो जीपमधून काळा दगड शोधत होता.