पुढचं नंतर

मालेगाव म्हटलं की पुण्यातले लोक हमखास विचारतात, "म्हणजे नाशिकवालं ना?" नाही हो, आमचं वाशिमचं! असो.

डिसेंबरात हापिसच्या लॉबीत ख्रिसमसचा गोठा मांडला होता. बाळ, आई-बाप, मेंढपाळ, वर तारा. शेजारच्या टीममधला म्हणाला, "बघ, देवानं कसं सांभाळलं बाळाला." मी मान डोलावली, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. वीकेंडला मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचून काढला.

गंमत म्हणजे गव्हाण आणि मेंढपाळ तिथे नाहीतच, ते लूकच्या शुभवर्तमानात. मत्तयकडे आहे ती पळापळ. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना स्वप्नात इशारा मिळतो, हेरोद राजाकडे परत जाऊ नका. मग योसेफाला स्वप्न पडतं: बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसर देशात पळ. किती दिवस राहायचं? ते नंतर कळेल. ना नकाशा, ना ईटीए! आणि हा गृहस्थ रात्रीच निघतो.

ती रात्र माझ्या ओळखीची आहे. लेक दोन महिन्यांची, पहिल्यांदाच गावी आणलेली. रात्री दीड वाजता तिचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, अकोल्याला न्या, आत्ताच. मेडशी, पातूर करत साठेक किलोमीटर, आणि धुकं असं की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. पुढे एक ट्रक होता. त्याचे लाल दिवे धरून घाट उतरलो. लेक वाचली. आई आजही म्हणते, "देवच आला होता रे बाप्पा, ट्रक घेऊन."

पण त्याच पहाटे दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये आणखी एक आई बसली होती. तिचं बाळ गेलं. तीही रात्रीच कुठूनतरी धावत आली होती. तिला ट्रक का नाही भेटला?

मत्तय हे लपवत नाही. येशू सुटतो, पण बेथलेहेमातले दोन वर्षांच्या आतले मुलगे हेरोद मारतो. आणि तिथेच मत्तयला आठवते ती मुलांसाठी रडणारी, कुणाकडूनही सांत्वन करून न घेणारी राहेल. आपल्याकडेही कृष्ण यमुनापार पोचला, पण देवकीची आधीची सहा मुलं कंसानं मारलीच होती. फादर स्टीफन्सनी ही ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत सांगितली, १६१६ साली रायतूरला छापली. त्या ऐकताना लोकांना कंस आठवला नसेल, असं मला वाटत नाही.

तेव्हापासून "देवानं आम्हाला वाचवलं" हे माझ्या तोंडून निघत नाही. ती कॉरिडॉरमधली बाई ऐकतेय असं वाटतं. वाट दाखवली, एवढं म्हणेन. तीही दिव्यांपुरती, दहा-पंधरा फूट.

आईशी मात्र वाद घालत नाही. उद्या रविवार, तिचा फोन येईलच.