उजवीकडून वाचायचे की डावीकडून?

आमच्या मोहल्ल्यात ‘कार्टून’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ हलका. मुले टीव्हीवर पाहतात ते कार्टून, आणि वर्गात कोणी वेडेवाकडे तोंड केले की बाकीची मुले त्याला म्हणतात, “क्या कार्टून है रे तू!” दुसरा अर्थ जड. तो उच्चारताना माणसे आवाज खाली घेतात. डेन्मार्कच्या एका वृत्तपत्राने ३० सप्टेंबर २००५ रोजी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या विषयावर बारा व्यंगचित्रे छापली, तेव्हा आम्ही स्वतः शाळेत शिकत होतो. ती चित्रे आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. पण पुढचे काही महिने घराघरांत, चहाच्या हॉटेलांत, मशिदीच्या पायऱ्यांवर तोच एक शब्द होता. ‘व्यंगचित्र’ हा शब्द आम्ही असा दुखावलेल्या माणसांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

आज आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, तरी आमच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांच्या मनातला या शब्दाचा अर्थ २००५चाच राहिला आहे. म्हणून शाळेत मुलांकडून व्यंगचित्रांचे भित्तिपत्रक करून घ्यायचे आम्ही दोघातिघा शिक्षकांनी ठरवले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी हसून आणि काहींनी न हसता विचारले, “दुसरा विषय सुचला नाही का?”

निमित्त होते शि. द. फडणीस यांचे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी २९ जुलै १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. २०२५च्या जुलैत त्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. मराठी घरांत दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनामुळे त्यांचे नाव ठाऊक असते. आमच्या मोहल्ल्यात ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. खरे तर आमच्या मुलांसाठी याहून योग्य व्यंगचित्रकार शोधूनही सापडला नसता, कारण फडणिसांच्या चित्रांत शब्दच नसतात. त्यांचे एक गाजलेले चित्र आम्ही वर्गात दाखवले. एक तरुण आणि एक तरुणी शेजारीशेजारी उभे आहेत. एकाच्या कपड्यावर उंदरांची नक्षी आहे, दुसऱ्याच्या कपड्यावर मांजरांची. एवढेच. आठवीच्या वर्गाला हसू फुटायला चार सेकंदही लागले नाहीत. त्यासाठी ना उर्दू लागली, ना मराठी. फडणिसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रे काढली, हे ऐकल्यावर तर मुलांचा त्यांच्याविषयीचा आदर एकदम वाढला. गणिताच्या पुस्तकात हसू आणणारा माणूस साधा असूच शकत नाही, असे त्यांचे मत पडले.

पण सहकाऱ्यांच्या त्या प्रश्नामागे जी भीती होती ती खोटी नव्हती. जानेवारी २०१५ आठवून पाहा. ७ तारखेला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन बारा माणसे मारली गेली. तो खून होता, त्याला दुसरे नाव देता येत नाही. त्यानंतर मुंबईत ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी १७ जानेवारीच्या अंकात त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापले. त्यांनी जाहीर माफी मागितली. तरीही ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले, २८ जानेवारीला त्यांना अटक झाली, मग जामीन मिळाला. दैनिकाची मुंबई आवृत्ती मात्र बंद पडली. आणि याच आठवड्यात, २६ जानेवारीला, पुण्यात आर. के. लक्ष्मण यांचे निधन झाले. १९५१पासून ज्यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस एक शब्द न बोलता सगळे पाहत उभा राहिला, त्या व्यंगचित्रकाराला महाराष्ट्राने शासकीय इतमामात निरोप दिला. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात व्यंगचित्राची ही दोन रूपे. एका रूपाला सलामी मिळाली, दुसऱ्यापायी एक वृत्तपत्र मिटले. आमच्या वस्तीपर्यंत यातले दुसरेच पोहोचले. पैगंबरांचा अपमान आम्हालाही लागतो, त्याविषयी वाद नाही. दुःख याचे आहे की, त्या एका घावापायी आम्ही सबंध कलाच परकी समजून बसलो.

ती परकी मुळीच नाही. लखनौहून मुन्शी सज्जाद हुसैन यांनी १८७७ मध्ये ‘अवध पंच’ सुरू केले. लंडनच्या ‘पंच’वरून नाव घेतलेल्या या उर्दू साप्ताहिकात इंग्रज सरकारचीही टोपी उडवली जाई आणि आपल्या नवाबी थाटाचीही. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. तिकडे मराठीत ठाण्याचा ‘हिंदू पंच’ होता. म्हणजे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच काळात चिमटे काढायला शिकत होत्या. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर आबिद सुरती. इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ आणि मँड्रेक यांच्या शेजारी १९७६ मध्ये ‘बहादूर’ हा अस्सल देशी नायक उभा राहिला, तो आबिद सुरती यांनी निर्माण केला. इंद्रजाल मराठीतही निघत असे. ‘धर्मयुग’मधला त्यांचा ‘ढब्बूजी’ वर्षानुवर्षे हिंदी वाचणाऱ्या घरांना हसवत राहिला. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांनी बहादूर वाचला असेल. तो कोणी रचला हे पाहण्याची गरज त्यांना पडली नसेल, आणि ते ठीकच आहे. आमच्या मुलांना मात्र ते सांगणे गरजेचे होते. आम्ही ते नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

दुसरी अडचण घरातली होती. एका विद्यार्थ्याचे अब्बा शाळेत आले. माणूस अदबीने बोलणारा. म्हणाले, “सर, जानदार की तस्वीर हमारे यहाँ नहीं बनाते.” आमच्यापैकी काही घरांत ही भावना पक्की आहे, काही घरांत ती तितकी नाही, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आमच्या शाळेतूनही मुले बसतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. पण गुणांचे गाजर दाखवून कोणाच्या श्रद्धेशी वाद घालायचा नव्हता. आम्ही म्हणालो, “मत बनाने दो. चीजें बनाएगा.” ते म्हणाले, “चीजों पे हँसी कैसे आएगी?” आम्ही व्हरांड्यातल्या पाण्याच्या निळ्या ड्रमकडे बोट केले. ते क्षणभर ड्रमकडे पाहत राहिले आणि खळखळून हसले. गेली कित्येक वर्षे आमच्या वस्त्यांनी आठ-आठ दिवसांनी येणारे पाणी पाहिले आहे. ज्या शहरासाठी मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी पंप नसताना जमिनीखालून नहर आणली, त्या शहरात रिकाम्या ड्रमकडे पाहून हसायला चेहरा काढावा लागत नाही.

त्या मुलाने पुढे फक्त चपला काढल्या. टँकर आल्याबरोबर दारात विखुरलेल्या बारा चपला, एकीची जोडी दुसरीला लागत नाही. आमच्या भित्तिपत्रकावरचे ते सर्वांत बोलके चित्र होते.

भित्तिपत्रक लागले. ते पाहायला शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई आल्या. आठवीतल्या एका मुलीची चार चौकटींची चित्रकथा त्यांनी लक्ष देऊन पाहिली आणि कौतुकाने वाचून दाखवली, “ड्रम भरलाय... रांग लागलीय... टँकर आलाय... आणि शेवटी ड्रम रिकामा! अगदी बरोबर काढलंस गं. पाणी येतं कधी आणि जातं कधी, कळतच नाही.”

मुलगी गोंधळली. तिची गोष्ट वेगळी होती. आधी ड्रम रिकामा, मग टँकर, मग रांग आणि शेवटी भरलेला ड्रम. पहिली चौकट तिने उजवीकडे काढली होती, कारण उर्दूचे पान उजवीकडून सुरू होते.

“बाई, तुम्ही उलटं वाचलं,” ती म्हणाली.

“उलटं कुठे? तूच उलटं काढलंस,” बाई सहज म्हणाल्या. नंतर त्यांच्याच लक्षात आले आणि त्या गप्प झाल्या.

त्या दोन वाक्यांत काही भांडण नव्हते. पण आम्हाला ती वाक्ये बराच काळ पुरली. मुलीने आशेची गोष्ट काढली आणि शेजारच्या वाचकाने निराशेची वाचली. चित्रे तीच, चौकटी त्याच. दोघींपैकी कोणाचेही चुकलेले नव्हते. फक्त कोणत्या बाजूने वाचायचे हे कोणी सांगितले नव्हते. आमच्या समाजाची आणि मराठी शेजाऱ्यांची कितीतरी बोलणी अशीच उलटी वाचली गेली असतील, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला आहे. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या इंग्रजीत आल्या तेव्हा सुरुवातीला पानेच आरशातल्यासारखी उलटवून छापत, त्यामुळे उजवा हात डावा होई. पुढे अनेक प्रकाशकांनी ते सोडून दिले. पाने मूळ दिशेनेच ठेवली आणि ‘तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात’ अशी सूचना छापली. लाखो वाचक त्या सूचनेने शिकले. आम्हीही एक बाण काढून सुटलो असतो. पण उपाय त्या मुलीनेच सुचवला. ती म्हणाली, “सर, पानी तो ऊपर से नीचे आता ना? तस्वीरें भी वैसीच लगाते.”

चारही चौकटी एकीखाली एक लावल्या. वरून खाली उर्दूवालाही वाचतो आणि मराठीवालाही. नंतर प्रत्येक चौकटीत तिने बोलण्याचे दोन दोन फुगे काढले, एक उर्दूत, एक मराठीत. मराठीच्या तासाला निबंध लिहायला सांगितला की ज्यांचे पेन थांबते, ती मुले फुग्यातले एक वाक्य लिहायला धावून येऊ लागली. फुग्यात पुस्तकी मराठी चालत नाही, बोलती मराठी लागते. ती विचारायला मुले गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडे गेली, रिक्षावाल्या काकांकडे गेली. मराठी शिकवण्याची इतकी स्वस्त युक्ती आम्हाला बी.एड.च्या कोणत्याच पाठात मिळाली नव्हती.

त्या बाईंनी चित्रकथेची झेरॉक्स आपल्या शाळेत नेली. त्यांच्या मुलांनी तिच्याखाली पाचवी चौकट जोडून पाठवली. ड्रम भरला आहे, पण झाकण उघडे राहिले आहे आणि त्यात कावळा आंघोळ करतो आहे. आमच्या मुलांनी सहावी पाठवली. तो कागद आता दोन्ही शाळांमध्ये फिरतो आणि लांब लांब होत चालला आहे.

जागतिक व्यंगचित्रकार दिन ५ मे रोजी असतो. त्या दिवशी शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद असतात, म्हणून आम्ही तो जूनमध्ये, शाळा उघडल्यावर करायचे ठरवले आहे. रीड अँड लीड फाउंडेशनने २०२१ मध्ये आपल्या शहरात मोहल्ला बाल ग्रंथालये सुरू केली. तशा ग्रंथालयांत, दुकानाच्या शटरवर, जिन्याच्या भिंतीवर अशी पाने टांगता येतील. खर्च फार नाही. लागतो एक कागद, एक काळे पेन आणि आपल्यावर आपणच हसू देणारे घर. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींनी काही काढले तर ते फाडू नका, आधी नीट पाहा. आणि दुसऱ्या कोणाला दाखवायचे असेल तर कोणत्या बाजूने वाचायचे, तेही सांगा.