दगड आणि कुव्वत

आमच्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही नवस फेडायला येतात. टेकडीवर गोल, खडबडीत गोटे सापडतात. बाबांनी एका व्यापाऱ्याचा माल दगड करून टाकला, तोच हा माल, असं अम्मी सांगायची. पुढं शिकल्यावर कळलं, की लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत खनिजं साचून हे गोटे झाले. अम्मीला मी ते हसत हसत ऐकवलंही.

नववीच्या उर्दू वर्गात एका मुलीनं तीच कथा सांगितली. "जे दिसत नाही ते विज्ञानात चालत नाही," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली.

आठ दिवसांनी बलाचा धडा आला. उर्दूत बलाला 'कुव्वत' म्हणतात. मराठीतली 'कुवत' ती हीच. मी ताणकाट्याला टेकडीवरचाच एक गोटा टांगला. ती उठली. "सर, कुव्वत दिखती कहाँ है? स्प्रिंग खिंची, बस."

मला उत्तर सुचलं नाही. वस्तुमान मोजतो, त्वरण मोजतो, गुणाकाराला बल म्हणतो. मग बल खरंच तिथं असतं, की ते आपल्या हिशेबातलं नाव?

ही शंका थोरांनाही होती. न्यूटननं १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला. पण त्याच्या कारणाबद्दल आपण कल्पना रचत नाही, असं १७१३ च्या आवृत्तीत लिहिलं. बर्कलेनं १७२१ मध्ये बलाला गणिताची सोय म्हटलं. हर्ट्झच्या १८९४ च्या ग्रंथात तर स्थळ, काळ आणि वस्तुमान एवढ्यावरच यांत्रिकी उभी आहे. न्यूटनच्या सुमारे सहाशे वर्षं आधी इमाम गझालींनी म्हटलं होतं, की आगीजवळ कापूस जळताना दिसतो. आगीनंच जळतो, हे दिसत नाही.

म्हणजे दर्ग्याची कथा आणि न्यूटन सारखेच? नाही. बल दिसत नसलं तरी त्याचा हिशेब चुकला तर काट्यावर पकडता येतो. कथेतले गोटे फोडले तर खनिजंच निघतात. पण त्या मुलीला ऐकवलेलं माझं वाक्य तपासलं, तर तेही खोटंच निघत होतं.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर म्हणालो, "बेटी, मैं गलत बोला था. दिसणं ही अट नाही, हिशेब जुळणं ही अट आहे." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

अम्मीला मात्र हे सांगायचं राहूनच गेलं. तिच्यावरही मी असाच हसलो होतो.