ताटाशेजारी कोणीतरी

उन्हाळ्यात रात्री अकरानंतर घर झोपलं, की मी स्वयंपाकघरात जायची. दिवा लावायची नाही. कूलरच्या घरघरीत डब्याचं झाकण उघडलेलं कुणाला ऐकू जात नाही. ओट्याशी उभ्यानंच आधी चिवडा, मग संत्रा बर्फी, मग उरलेल्या पोळ्या साखर भुरभुरून. तोंडातला घास संपायच्या आत हात पुढच्या डब्यात. चव कशाचीच लागत नसे, पोट दुखलं तरी हात थांबत नसे. मग बर्फीचं खोकं चेपून केराच्या तळाशी कोंबायचं आणि उद्या कडक उपास करायचा असं ठरवून आडवं व्हायचं.

मानसोपचारतज्ज्ञांनी याला नाव दिलं: बिंज इटिंग डिसऑर्डर. मानसिक आजारांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या सूचीत हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला आहे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दुपारी काय जेवता?" मी म्हटलं, "काहीच नाही." रात्रीचं सगळं तिथूनच सुरू होत होतं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करत होतं.

औषधं, समुपदेशन आणि तीन वेळचं जेवण यांच्या जोडीला त्यांनी सजगतेनं खाणं सुचवलं. जीन क्रिस्टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये १८ स्त्रियांवर ध्यानाचा असा प्रयोग केला होता. त्या स्त्रियांचं अति खाणं बरंच कमी झालं. अभ्यास लहान होता, पण पुढच्या कामाची वाट त्यातून निघाली.

आमचं घर दीक्षाभूमीच्या धम्माचं. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतलेली. सती, म्हणजे सजगता, हा शब्द विहारात लहानपणापासून कानावरचा. ताटाशी तिचं नातं आईनं दाखवलं. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे, ती तिनं सांगितली. द्रोण या जुन्या मोठ्या मापाचा भात खाऊन धापा टाकत तो बुद्धांकडे आला. सजग राहून जेवणाची मात्रा ओळखणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी त्याला ऐकवली. राजानं ती पाठ करायला सांगितली सुदस्सन नावाच्या तरुणाला, आणि रोज जेवताना म्हणायला लावली. हळूहळू राजा नाळीभर, म्हणजे लहान मापाच्या भातावर आला.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो सुदस्सन. राजा एकटा सुधारला नाही, त्याच्या ताटाशेजारी कोणीतरी होतं. अति खाणं चोरून, एकांतात चालतं. त्यावरचा उपायही एकट्यानंच करायचा, हे मला पटत नाही.

मी आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. "काहून एकटी खातेस व? मला उठवत जा," एवढंच म्हणाली. ठरलं असं, की रात्री खावंसं वाटलं तर खायचं, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून. आईनं पोळ्या कधी मोजल्या नाहीत. भूक पोटात आहे की छातीत, एवढं विचारायची. बरेचदा ती छातीतच निघायची, कामावरच्या साहेबांच्या फोननंतर दाटून आलेली. एकदा सांबारवडी, म्हणजे कोथिंबीरवडी होती. पहिल्या वडीचं कुरकुरीत कवच, आतला ओला सांबार, हिरव्या मिरचीचा ठसका, सगळं लागलं. तिसरीला चव फिकी झालेली कळली आणि चौथी ताटलीत राहिली. तेवढ्यानं आजार गेला नाही. पुढेही काही रात्री वाईट गेल्या, पण दुसऱ्या दिवशीचा उपास मात्र बंद झाला.

एक इशारा द्यायलाच हवा. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात संध्याकाळचं जेवण नसतं. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या धम्मनाग विपश्यना केंद्रात जायची माझी फार इच्छा होती. डॉक्टर म्हणाले, आत्ता नको; उपाशी राहण्यातूनच ज्याचा आजार वाढतो, त्यानं आधी वेळेवर जेवायला शिकावं. मला तो सल्ला योग्य वाटतो.

तुमच्या घरात कोणी लपून खात असेल, तर त्याला टोमणे मारू नका, त्याच्या वजनाबद्दल बोलू नका. शेजारी बसा. आणि तुम्हीच लपून खात असाल, तर आज एका माणसाला सांगा. घरात सांगण्यासारखं कोणी नसेल, तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.