दुखणं रुपयात किती?

रोवणी सुरू झाली की माझं लक्ष सिकलसेलच्या रुग्णांच्या यादीकडे जातं. तुमसर तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवरचं बपेरा हे धानाचं गाव. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभं राहायचं, वरून पाऊस आणि कामाच्या भरात पाणी प्यायचं राहून जातं. गारठा, थकवा आणि अंगातलं पाणी कमी होणं यांनी सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडांतून कळा उठतात.

अशीच एक तिशीतली बाई गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर पडली होती. सूज नाही, जखम नाही. आधी एका दवाखान्यात ‘काही झालं नाही’ म्हणून तिला परत पाठवलं होतं. शून्य ते दहात किती दुखतं, हे तिला उमगेना. मग मी विचारलं, “रुपयात किती आणे दुखून राह्यलं?”

“चौदा आणे हाय मॅडम. मांड्यात अन् कंबरेत.”

मी कागदावर दहापैकी नऊ लिहिलं. जागा लिहिली, वेळ लिहिली. ताप आहे का, छातीत दुखतं का, दम लागतो का, हेही विचारलं. सिकलसेलमध्ये ही लक्षणं जिवावर बेतू शकतात. चौदा आणे दुखणं घरी गोळीवर भागणारं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, 108 बोलावली. गाडी येईपर्यंत तिला पांघरूण दिलं, घोट घोट पाणी पाजलं, मांड्या गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्या. इथे बर्फ लावायचा नसतो, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

रुग्णालयात सलाईन आणि वेदनेचं जोरदार इंजेक्शन मिळालं. अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं. “सहा आणे,” ती म्हणाली. श्वास आणि ऑक्सिजन तपासून तेही लिहिलं. इंजेक्शन दिलं की काम संपत नाही. त्याने किती उतार पडला, हे विचारल्यावरच ते पुरं होतं.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन परिचारिकेने 1968 मध्येच मांडलं होतं की रुग्ण सांगतो तीच त्याची वेदना मानावी. माझा अनुभव तोच आहे. कोणी कळ सोसत हसतं, कोणी थकून झोपी जातं. त्यावरून दुखत नाही असं ठरवता येत नाही. लहान मुलांना मी चेहऱ्यांची चित्रं दाखवते. तान्ह्या बाळाचं रडणं, आखडलेले पाय, सुजलेले हातपाय पाहते.

2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते मोलाचं आहे. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर कळांचे झटके कमी होतात, हेही मी घरोघरी सांगते. पण तपासणीने आजार सापडतो. कळ विचारल्याशिवाय सापडत नाही.

म्हणून आता रोवणीआधीच आम्ही प्रत्येक रुग्णाच्या घरी बसून ठरवतो: बांधीवर पाण्याची बाटली न्यायची, ओले कपडे लगेच बदलायचे, पहिल्या कळेलाच डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची. तरीही दुखणं आठ आण्यांच्या वर चढलं किंवा ताप आला, दम लागला, तर रात्र असो की पाऊस, फोन करायचा.