परसातला नीरफणस आणि सेंट व्हिन्सेंट

कॅरिबियन समुद्रात सेंट व्हिन्सेंट नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेतीनशे चौरस किलोमीटर. जगाच्या नकाशावर टाचणी टोचली, तर सारे बेट तिच्या डोक्याखाली झाकून जाईल! या देशाचे राष्ट्रीय जेवण कोणते, ठाऊक आहे? भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी. वाचनालयात हे वाचले आणि मी थक्कच झाले. वाचकहो, हे तर आमच्या घरचे पावसाळ्यातले ताट!

माझे वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणजे हातातला पैसाही बंद. तेव्हा परसातला नीरफणस आणि उन्हाळ्यात सुकवलेला बांगडा यांवरच दिवस निघतात. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. 'आज काय जेवलीस?' असे मैत्रिणींनी विचारले की मी विषय बदलते. आणि तिकडे एका देशाने हेच ताट अभिमानाने मिरवावे!

आम्ही नीरफणसाची पातळ कापे करतो, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परततो. तिकडे अख्खे फळच निखाऱ्यांवर ठेवतात आणि फिरवत राहतात. साल कोळशासारखी काळी झाली, देठाशी वाफ येऊ लागली, की फळ शिजले. मग साल सोलायची, मधला गाभा काढून टाकायचा आणि फोडी करायच्या. सोबतीला 'जॅक' जातीची मासळी लिंबू, लसूण, मिरची लावून तळलेली. तिथले 'कॅलालू' नावाचे सार अळूच्या पानांचे. नारळाचे दूधही त्यात घालतात. आता सांगा, यात परके काय आहे? आजारी माणसाला आपण ज्याची पेज देतो, त्या आरारूटसाठी तर हे बेट एके काळी जगभर प्रसिद्ध होते.

पण हे फळ त्या बेटाचे मूळचे नव्हे, आणि ही गोष्ट काही गोड नाही.

बेटावर उसाचे मळे होते आणि त्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. त्यांची पोटे कमीत कमी खर्चात कशी भरावीत, ही मळेवाल्यांची चिंता! पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर भाकरीसारखे पोट भरणारे फळ झाडाला लागते, हे कळल्यावर इंग्रज सरकारने विल्यम ब्लाय या कप्तानाला रोपे आणायला धाडले. १७८९ साली त्याच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झाले आणि बंडखोरांनी रोपे समुद्रात फेकून दिली. या बंडावर चित्रपट निघाले. रोपे कुणाच्या पोटासाठी चालली होती, हे मात्र कुणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. ब्लाय पुन्हा निघाला आणि जानेवारी १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटला रोपे उतरली. किंग्सटाउनला १७६५ पासून वनस्पती उद्यान होते, तिथे ती लावली गेली.

या झाडाला बी नसते. 'तेका बी नाय गो, मुळातसून फुटता,' असे आजी सांगते. म्हणूनच रोपे कुंड्यांतून अर्ध्या जगापलीकडे न्यावी लागली. माणसेही अशीच मुळासकट उपटून आणलेली. त्यांना विचारले कुणी? सुरुवातीला त्यांना हे फळ रुचलेही नाही, त्यांचा ओढा केळ्यांकडे होता म्हणतात. मला तर यात त्यांचा स्वाभिमान दिसतो. मालकाने वाढले म्हणून गोड मानून घ्यायचे, असे थोडेच आहे!

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली. खरी सुटका व्हायला १८३८ उजाडले. मळेवाले गेले, झाडे मात्र राहिली. आज ऑगस्ट महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात ती मुक्ती मिळाली त्याच महिन्यात, तिथे नीरफणसाचा उत्सव भरतो. ज्या फळाने गुलामीचा खर्च वाचवायचा होता, तेच स्वातंत्र्याच्या महिन्यात निखाऱ्यावर चढते! हे वाचून आनंद व्हावा की राग यावा, मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात सम्राटांच्या लढाया आहेत, तह आहेत. शिधा कुणी ठरवला आणि कुणी गिळला, याचा धडा नाही.

आजीला हे सारे वाचून दाखवले. आमच्या परसातले झाड कुणी आणले, असेही विचारले. 'सासूच्या येळापासून हा,' एवढेच उत्तर मिळाले. येत्या पावसाळ्यात कापे न करता एक अख्खा नीरफणस चुलीत भाजून बघू या, असे मी सुचवले. आजी म्हणाली, 'बरा झाला, तेल तरी वाचात.'